दोनशे ऐंशी मिली, एक थेंबही जास्त नको

मित्रांनो, मला जुना म्हणालात तर मी रागावणार नाही. गंजका म्हणालात तरी ऐकून घेईन, कारण माझ्या बुडाशी थोडा गंज आहे आणि खोटे बोलण्याची मला सवय नाही. पण भंगार म्हणालात, तर मात्र गाठ माझ्याशी आहे. एका निळ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकावर मी अडतीस वर्षे उभा आहे. गॅरेजमध्ये मला शॉकॲब्सॉर्बर म्हणतात, घाई असली की नुसते शॉक. नाव कोणतेही घ्या, काम एकच. खड्ड्याचा धक्का खालच्या खाली जिरवायचा, वर बसलेल्या माणसाला लागू द्यायचा नाही.

माझ्या अंगाभोवती वेटोळे घालून बसलेली स्प्रिंग सगळ्यांना दिसते, म्हणून कौतुक तिचेच होते. तिला एकटीला सोडा आणि मग मजा बघा. एकदा दबली की ती वरखाली नाचतच राहते, आणि आतल्या माणसांची आतडी हलवते. तिला आवरतो तो मी. माझ्या पोटात तेल असते. वरून एक चकचकीत दांडी आत येते आणि तिच्या टोकाला बारीक भोकांची चकती असते. खड्डा आला की दांडी आत घुसते आणि तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. तेल योग्य जातीचे आणि बेताचे असले, तर ते सावकाश पलीकडे जाते आणि धक्का तिथेच विरतो. एवढीच माझी विद्या आहे.

माझा जन्म एका कारखान्यात पत्र्याच्या लांबलचक छपराखाली झाला. सोबत माझा जुळा भाऊ होता. त्याची नेमणूक उजव्या चाकावर झाली, म्हणून त्याला मी उजवा म्हणतो. आमच्या पिढीची एक गोष्ट मी छाती फुगवून सांगतो. आमच्या डोक्यावर एक मोठा आट्यांचा नट आहे. पाना लावा, फिरवा, आम्ही उघडतो. बिघडलो तर आत बघा, धुवा, सील बदला, ताजे तेल घाला आणि पुन्हा कामाला लावा. आजकालचे बरेचसे शॉक तोंड बंद करूनच जन्माला येतात. बिघडले की काढले, काढले की फेकले. त्यांना मी नावे ठेवत नाही, त्यांना तसे घडवले त्याला ते काय करणार? पण त्यांच्याकडे बोट दाखवून कुणी मलाही फेकायला निघाले, तर मी का म्हणून ऐकून घ्यावे?

निळी मोटार घेतली ती पुस्तकबांधणी करणाऱ्या एका माणसाने. नुकतीच खळ लावलेली पुस्तके मागच्या सीटवर एकावर एक रचून तो छापखान्यात पोचवायला जाई. ओल्या पुठ्ठ्यांना जरा हिसका बसला असता तर कडा सरकल्या असत्या आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती. एकदाही तसे झाले नाही. छापखान्याच्या दारात उतरून तो मडगार्डवर थाप मारायचा आणि म्हणायचा, “आमच्या गाडीत खळसुद्धा हलत नाही.” ती थाप मडगार्डवर पडायची, पण आम्ही दोघे भाऊ समजायचे ते समजायचो.

पुढे तो म्हातारा झाला, मग वारला. त्याचे दाबयंत्र, सुया, दोऱ्याची रिळे आणि मोटार मोठ्या मुलीकडे आली. तिला सगळे ताई म्हणत. पुस्तके बांधताना ताईचा हात वडिलांपेक्षा बारीक चालायचा, पण गाडीच्या पोटाखाली वाकून बघायला तिला सवड नव्हती. माझे सील झिजले आणि नटाखालून तेल पाझरू लागले. चाकाच्या आतल्या बाजूला काळा ओघळ दिसू लागला. दोन वर्षे मी अर्ध्या पोटी राबलो. टायर ठिकठिकाणी चघळल्यासारखा झिजला, तरी सगळ्यांनी कानाडोळाच केला. मला राग यायचा, अजूनही येतो. मी काय मागत होतो? दर दोनेक वर्षांनी कुणीतरी एकदा वाकून बघावे, एवढेच ना?

मग एक दिवस ताईचा धाकटा भाऊ शिडीवरून पडला. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पंचेचाळिशी उलटली होती, तरी ताई त्याला बाळ्याच म्हणायची. औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडीचा पाय सरकला आणि तो पाठीवर आपटला. डॉक्टरांनी पाठ उघडून मणक्यांना पट्ट्या आणि स्क्रू लावले. घरी सोडताना त्यांनी ताईला स्पष्ट सांगितले, “सहा महिने पाठीला हिसका बसता कामा नये. नस दबली तर हा परत पायांवर उभा राहील याची हमी मी देऊ शकत नाही.”

पण घरात पडून राहूनही चालणार नव्हते. आठवड्यातून एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कठडे धरून चालायचे आणि पाण्याच्या हौदात पाय मारायचे, तरच पायांत बळ येणार होते. दुसऱ्या कुठल्या गाडीत बाळ्याला वाकून बसता येईना. आमच्या निळीचे दार रुंद आणि डावी सीट सपाट उलगडणारी, म्हणून तिथेच त्याला हळूच निजवायचे ठरले. म्हणजे नेमका माझ्या डोक्यावर.

पहिल्याच फेरीत स्प्रिंगने मला न जुमानता थयथयाट मांडला. माझ्या पोटात तेल होते तरी किती? बाळ्या दातओठ खात पडला होता, तरी त्याची जीभ काही गप्प बसेना.

“ताई, तो पलीकडचा खड्डा सुटला बघ. परत फिरून घेतेस का?”

“गप पड रे,” ताई म्हणाली. तिचे ओठ हसत होते आणि डोळे भरले होते.

बाळ्याला घरी निजवून दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये शिरली. त्या आधी तिने तीन दुकाने पालथी घातली होती, पण या गाडीचे शॉक बंद होऊन जमाना झाला होता. आता मला दुरुस्त करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मित्रांनो, खरे सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

गॅरेजच्या मालकाला सगळे भरपूरमामा म्हणत. माणूस लाखात एक. हात सढळ, मन त्याहून सढळ. ग्रीसचे बोट मागितले तर तो मूठभर देणार. रेडिएटरमध्ये पाणी घालील ते उतू जाईपर्यंत. आपल्या दारातून कुणी कमी घेऊन गेले, हे त्याला जन्मात सहन झाले नसते. त्याच्या याच गुणावर गॅरेज चालायचे आणि त्याच गुणाने माझा घात केला.

त्याने मला काढले, नट उघडला, आत डोकावून “वा!” म्हणाला. रॉकेलने मला स्वच्छ धुतले. नवे सील बसवले. इथवर त्याच्या हाताला मी मनापासून दाद देतो. मग तो तेलाच्या कपाटापाशी गेला आणि त्याने गिअरबॉक्सचे तेल काढले. काकवीसारखे घट्ट तेल!

“पातळ तेल म्हणजे पाणचट काम,” तो ताईला म्हणाला. “हे बघा कसं दमदार आहे. गाडी हलायची नाही.”

दांडी निम्मी आत ठेवून त्याने मला काठोकाठ भरले. वर थोडी जागा उरली होती, तीही त्याने थेंबाथेंबाने भरून काढली. “माझ्याकडून कुणी अर्धपोटी जात नाही,” असे म्हणून नट करकचून आवळला. मला तोंड असते तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. अहो मामा, उरलेली निम्मी दांडी आत येईल तेव्हा ती कुठे मावणार? तेल दाबून लहान होत नाही. मला पोटात थोडी हवा हवी, मोकळी जागा हवी. माझ्या जातीची ती गरजच आहे.

पुढच्या फेरीला गाडी खरोखरच हलली नाही. ती धडधडली. घट्ट तेल त्या बारीक भोकांतून वेळेवर जाईना, आणि प्रत्येक लहान खडा सरळ बाळ्याच्या पाठीत जाऊ लागला. मी लाकडासारखा ताठ झालो होतो. लाज वाटत होती, पण करणार काय? वर बाळ्या एक अक्षर बोलत नव्हता. ताईने दोनदा विचारले, “ठीक आहेस ना?” त्याने नुसती मान हलवली. इतका बडबड्या माणूस गप्प झाला, हे मला सगळ्यांत जास्त लागले.

गोदामांच्या रस्त्यावर एक उंच स्पीडब्रेकर आहे. ताईने गाडी अगदी हळू घेतली, तरी चाक वर आले आणि दांडी खोल आत आली. आत तिला जागाच नव्हती. एक क्षण तेल, दांडी आणि मी एकमेकांना असे भिडलो की मी फुटतो की काय असे वाटले. मी ठरवले, फुटणार नाही. मी नवे सील बाहेर ढकलले आणि जे जास्तीचे माझ्यावर लादले होते ते भसकन ओकून टाकले. चाकावर, रस्त्यावर, सगळीकडे तेल झाले. पण त्या आधी धक्का वर गेलाच होता. बाळ्या किंचाळला.

दोन दिवस त्याच्या डाव्या पायाची बोटे हलली नाहीत. तिसऱ्या दिवशी अंगठा हलला तेव्हा ताई त्याच्या पलंगाची दांडी धरून रडली. डॉक्टर म्हणाले, “थोडक्यात निभावलं. नस सुजली आहे, पण शाबूत आहे. दोन आठवडे झोपून राहू दे. त्यानंतर मात्र व्यायाम चुकवायचा नाही, नाहीतर पाय आखडतील. आणि ही गाडी अशी असेल तर आणू नका.” आता आणू नका तर कशातून न्यायचे, हे त्यांनी सांगितले नाही.

गाडी ओढून गॅरेजात आणली. मामाने मला काढले, माझ्या अंगावरचे तेल बघितले आणि कपाळाला हात लावला.

“संपला हा,” तो म्हणाला. “नवं सीलसुद्धा धरत नाही. ताई, मी माझ्याकडून काही कमी केलं नाही हो. हा भंगारच आहे.”

आणि त्याने मला कोपऱ्यातल्या मोडक्या सायलेन्सरांच्या ढिगावर टाकले.

मित्रांनो, फेकले जाण्याचे दुःख नंतरचे, आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक त्याची आणि खापर माझ्या माथी! माझी नळी गुळगुळीत होती, दांडीवर एक ओरखडा नव्हता. मी त्या ढिगावरून घसरून पडलो, घरंगळत गेलो आणि बरोबर वाटेत आडवा झालो. लोक म्हणतील ढीग उतरता होता. म्हणू देत.

माझ्यावर पाय अडखळला तो मामाच्या सुनेचा. ती पूर्वी एका कारखान्याच्या तपासणी विभागात होती, लग्नानंतर तिने गॅरेजचे कामकाज बघायला घेतले होते. तिने मला उचलले, फडक्याने पुसले, दांडी उजेडात धरून फिरवून पाहिली. मग मला घेऊन ती मामासमोर उभी राहिली.

“मामा, याला काही झालेलं नाही.”

“मग तेल का ओकला?”

“किती घातलं होतं तुम्ही?”

“किती म्हणजे? भरपूर!”

सुनेने आतून स्टीलचा पेला आणला आणि पाण्याने काठोकाठ भरला. मग मोठा चमचा त्याच्या हातात दिला. “बुडवा याच्यात.” मामाने चमचा बुडवला, पाणी टेबलावर सांडले. सुनेने पेला पुन्हा भरला आणि वर घट्ट हात ठेवला. “आता समजा या पेल्याला नटाचं झाकण आहे. आता घाला चमचा.”

मामा चमचा हातात धरून पेल्याकडे बघत राहिला. ताईही बघत होती.

“म्हणजे,” मामा शेवटी म्हणाला, “पोराच्या पाठीला धक्का दिला तो मी.”

त्याचा आवाज इतका खाली गेला की माझा अर्धा राग तिथेच उतरला. अर्धा मी जपून ठेवला, तो पुढे उपयोगी पडतो. ताईने त्याला शब्दाने दुखावले नाही. ती एवढेच म्हणाली, “मामा, त्याला न्यायला अजून बारा दिवस आहेत. होईल का?”

त्यानंतर जे काम झाले, तसे मी कारखान्यात पाहिले होते, पुन्हा कधी पाहिले नव्हते. माझ्या मापाचे पुस्तक कुणाकडेच नव्हते. सुनेने उजव्याला काढायला लावले. त्याचे सील कधी गळलेच नव्हते, म्हणून कारखान्यातले तेल त्याच्या पोटात तसेच होते. मोजपात्र खाली धरून त्याला तासभर उपडा ठेवला. दोनशे त्र्याहत्तर मिली निघाले. भिंतींना थोडे चिकटून राहिले असणार, म्हणून तिने दोनशे ऐंशी धरले. तेवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. माझ्यात दांडी पूर्ण आत असताना एकूण किती पाणी मावते ते तिने मोजले, त्यातून गरम झाल्यावर तेल फुगते त्याची जागा आणि हवेची जागा वजा केली. आकडा तिथेच, दोनशे ऐंशीच्या आसपास आला. उजवा माझ्याकडे बघून मिश्कील हसतो आहे असे मला वाटले. आयुष्यभर काही न बोलता तो उत्तर पोटात घेऊन फिरत होता!

मग तेलाची जात. सुनेने खिडकीची एक काच तिरपी ठेवली आणि तिच्यावर एका ओळीत थेंब सोडले. गिअरचे तेल जागच्या जागी पेंगत राहिले. इंजिनचे तेलही रेंगाळले. मामाने ब्रेकच्या तेलाचा डबा पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, “नको, याने सीलचं रबर फुगेल.” शेवटी मोटरसायकलच्या पुढच्या शॉकमध्ये घालतात ते पातळ, दहा नंबरचे तेल आणले. उजव्याच्या जुन्या तेलाचा थेंब आणि याचा थेंब जवळजवळ बरोबरीने खाली पोचले. जुने थोडे पुढे होते, पण इतक्या वर्षांच्या राबण्याने तेही पातळ झालेच असणार.

भरायची वेळ आली तेव्हा सून मोजपात्र घेऊन पुढे झाली. मामा म्हणाला, “आण इकडे. मी बिघडवलंय, मीच भरणार.”

त्याने तेल ओतायला घेतले. धार बारीक होती. मोजपात्र रिकामे झाले आणि माझ्यात वर बरीचशी मोकळी जागा दिसत राहिली. मित्रांनो, त्या माणसाच्या जिवाची काय घालमेल झाली म्हणून सांगू! त्याचा डावा हात आपोआप तेलाच्या डब्याकडे गेला. डबा उचललाही.

“मामा,” सून म्हणाली.

“अगं, एवढुसंच...”

“एक थेंबही नाही.”

“रिकामा दिसतोय गं तो. बरं नाही वाटत.”

“त्याला लागते ती जागा.”

मामाने डबा खाली ठेवला. मग त्याने माझी दांडी हळूहळू दहा-बारा वेळा वरखाली केली. आतली भलत्या ठिकाणची हवा गुडगुडत वर निघून गेली आणि तेल जिथे हवे तिथे जाऊन बसले. नवे सील बसवून नट आवळला. उजव्यालाही तेच तेल, तेच माप दिले. दोघांत एका मिलीचाही फरक ठेवला नाही.

बाळ्याला बसवण्याआधी मामा स्वतः त्या सीटवर पाठ टेकून निजला. “चला ताई, तोच रस्ता घ्या, तोच स्पीडब्रेकर घ्या. माझी पाठ म्हातारी आहे, लगेच सांगेल.” आम्ही गेलो. चाक वर चढले, दांडी आत आली, तेल भोकांतून आपल्या चालीने गेले, वरची हवा थोडी दबली आणि दांडी शांतपणे परत आली. स्प्रिंग एकदा उसळली, मी तिला तिथेच गप्प केले. मामाने ताईला तो उंचवटा तीन वेळा ओलांडायला लावला. तिसऱ्यांदा तो डोळे पुसत होता आणि धूळ गेली म्हणत होता. सगळ्या काचा बंद होत्या.

बारा दिवस भरताच बाळ्या व्यायामाला पोचला. त्यानंतर एकही आठवडा चुकला नाही. पाच महिन्यांत तो कठडा सोडून चार पावले चालला, मग चाळीस.

एवढ्यावर माझी कहाणी गोड झाली असती. पण गेल्या महिन्यात ताईला एका दुकानदाराचा निरोप आला. कुठल्याशा दुसऱ्या गाडीचे नवे कोरे शॉक, थोडा फेरफार केला की निळीला बसतील. खोक्यात बंद, चकचकीत. ताई ते घेऊन गॅरेजात आली. मामा खोके बघून माझ्याकडे बघायला लागला. मी बोनेटखाली उभा होतो. मनात म्हटले, या, काढा. पण मी खाली मान घालून निघणार नाही. माझी नळी बघा, दांडी बघा, आणि मग सांगा.

तेवढ्यात बाळ्या आला. घरापासून गॅरेजपर्यंत, हातात एक काठी, बाकी स्वतःच्या पायांवर. त्याने खोक्यातला एक शॉक हातात घेऊन वरखाली निरखला.

“हा उघडतो कुठून?”

“नाही उघडत,” सून म्हणाली. “बिघडला की टाकायचा.”

बाळ्याने तो परत खोक्यात ठेवला. “मग नको. ताई, मलाही उघडूनच दुरुस्त केलंय. टाकलं असतंस मला?”

ताईने खोके बंद केले आणि परत देण्यासाठी मागच्या सीटवर ठेवले. ते खोके घेऊन आम्ही दोघे भाऊच त्या दुकानापर्यंत गेलो, आणि वाटेत ते जराही हलले नाही.

तर मित्रांनो, मी कुणाकडे दयेची भीक मागत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी जुने असेल, पाझरत असेल, कुरकुरत असेल, तर त्याला फेकण्याआधी पाना घ्या आणि उघडा. आत काय आहे ते बघा. त्याला नेमके काय हवे ते मोजा आणि तेवढेच द्या. तुमच्या मायेने उतू जाईपर्यंत भरू नका, आणि आळसाने कोरडेही ठेवू नका. एवढे सगळे करूनही ते चालले नाही, तर खुशाल भंगार म्हणा. त्या आधी म्हणालात, तर मी पुन्हा घरंगळत येऊन तुमच्या वाटेत आडवा पडेन.